‘अंकल’ या शब्दाचे आजोळ

इंग्रजीतील नातेवाचक शब्द शिकताना मराठी विद्यार्थी प्रथम अडखळतो तो ‘अंकल’पाशी. काका, मामा, मावसा, आतोबा हे सारे एकाच शब्दात कोंबलेले पाहून ती भाषा या बाबतीत मुळातच दरिद्री असावी, असा त्याचा ग्रह होतो. इतिहास तसे सांगत नाही. प्राचीन इंग्रजीत चुलत्यास ‘फॅडेरा’, मामास ‘एआम’, आत्यास ‘फाथु’ व मावशीस ‘मोद्रिये’ असे स्वतंत्र शब्द होते. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्द रूढ होत गेले, तसे हे मागे पडले. ‘एआम’ तेवढा बोलींतून रेंगाळला. मौज अशी की, ‘अंकल’चे मूळ जे लॅटिन ‘अवुन्कुलुस’ ते केवळ मामाचे वाचक, आणि ‘आंट’चे मूळ ‘अमिता’ केवळ आत्याचे. मामाने काकाचे घर बळकावले म्हणावयाचे!

प्रश्न केवळ कोशाचा नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह रूढ, चुलतबहिणीशी निषिद्ध. ‘कझिन’ म्हणताच हा भेद बुडतो. १९५५ च्या हिंदु विवाह अधिनियमात निषिद्ध नात्यांची व्याख्या करताना तो शब्द योजलेला नाही. तेथे भाऊ व बहीण यांची, दोन भावांची अथवा दोन बहिणींची मुले, अशी उकल केली आहे. आणि रूढीस अपवाद ठेवला आहे.