सातबाऱ्याबाहेरचे बियाणे

शेतीचा इतिहास बहुधा सातबाऱ्यावरून लिहिला जातो. ज्याची जमीन त्याचे पीक, ज्याचे पीक त्याचे बियाणे, असा तो सरळ हिशेब. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. माझ्या आजीचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हते. तरी तिच्याजवळ भेंडीचे बी होते. ते या हिशेबात कुठे बसवायचे?

१८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पुढे बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. पाणी जमिनीच्या मागे गेले. ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेतात दारे धरणे आले. गावगाड्यात महाराला खळ्यावर बलुते मिळे. पण ते खाण्याचे धान्य. बियाण्याची निवड मालकाच्या हातात. वतनाच्या जमिनी होत्या, त्या तुकड्या-तुकड्यांच्या आणि गावच्या राबणुकीला जखडलेल्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते ही बेडी तोडण्यासाठीच. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. बेडी तुटली, आमच्या घरात जमीन मात्र आली नाही.

आजी इंदापूर तालुक्यात उसाच्या खुरपणीला जाई. मालकाला विचारून दंडाच्या कडेला भेंडीची पंधरा-वीस झाडे लावी. भेंडी कुणासाठी थांबत नाही. दोन-तीन दिवस तोडली नाही की निबर होते. बहर आला की खाऊन उरे आणि बाजारात भाव नसे. मग आजी चकत्या करून, मीठ लावून बाजेवर वाळवी, गाडग्यात भरून तोंडाला फडके बांधी. उन्हाळ्यात तेवढेच कोरड्यास. त्याच अंगणात तिच्या लहानपणी चान्या वाळत. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितले. मांस सुटले, वाळवण्याची विद्या हातात राहिली.

बियाची गोष्ट वेगळी. “पयली ठसठशीत शेंग त्वाडू नगं, ती बियाची,” असे ती मला दटावी. शेंग झाडावरच तपकिरी होऊन तडकेपर्यंत ठेवायची; तशी ठेवली की त्या झाडाला पुढची भेंडी कमी लागते. भुकेल्या घराला हे परवडणारे नसते. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड ती उपटून टाकी, त्याचे बी धरत नसे. पांढऱ्या माशीने पसरणारा हा विषाणू मी पुढे पुस्तकात वाचला. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा या रोगाला तोंड देणारा वाण १९८० च्या दशकातला. विद्यापीठाच्या निवडीला शास्त्र म्हणतात. आजीच्या निवडीला म्हातारीची सवय.

पुढे दुकानातले संकरित बी आले. ते धरून पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी विकत घ्यायचे. मालकाने दंडाची कडा बंद केली. आजी गेली तेव्हा गाडग्यात राखेत घोळलेले बी होते. पेरायला हातभर जागा नव्हती. चार-पाच वर्षांनी मी ते कुंडीत टाकून पाहिले. एकही दाणा उगवला नाही. बी उपासमारीत टिकले होते, ते जागेअभावी मेले.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, याचा मला आनंद आहे. पण बियाणे जपा असे सांगणाऱ्यांनी ‘कोणत्या जमिनीत?’ या प्रश्नालाही उत्तर दिले पाहिजे.

२००१ चा वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायदा वाचताना मी एका कलमाशी थांबलो. शेतकऱ्याच्या व्याख्येत जमीन कसणारा आहे, कसून घेणारा आहे आणि पारंपरिक वाण जपणाराही आहे. या तिसऱ्या माणसाजवळ सातबारा असलाच पाहिजे, असे तिथे म्हटलेले नाही. म्हणजे सरकारी कागदावर आयुष्यभर मजूर असलेली माझी आजी कायद्याने शेतकरी होती. हे तिला कुणी सांगितले नाही आणि मला कळले तेव्हा ती नव्हती.

आपल्या वस्त्यांतून आपण आठवणी गोळा केल्या, गाणी गोळा केली. उतरंडीतली गाडगीही आता उघडून पाहायला हवीत. जे बी निघेल ते जपणारणीच्या नावानिशी नोंदवावे आणि ते पेरण्यापुरती जमीन गायरानातून मागावी. दोन्ही मागण्या एकाच अर्जात असाव्यात.