रानौषधींची लोकनामे (हिंगोली जिल्हा)

हिंगोली जिल्ह्यात (१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा) औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगाव या बाजूला सागाचे पानगळी रान आहे. पाऊस लागला की तिथे आणि बांधाबांधांवर उगवणाऱ्या रानौषधींची लोकनामे म्हणजे बहुधा उपयोगाचीच नोंद असते. वनस्पतीची ओळख किंवा तिचा निर्धोकपणा मात्र त्या नावातून कळत नाही. कळलावी घ्या. तिच्या पानाचे टोक कुरळे होऊन शेजारच्या फांदीला धरते, पिवळे फूल पुढे लालभडक होते, जमिनीत नांगराच्या आकाराचा कंद असतो. संस्कृत ‘लांगली’ त्यावरूनच. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप लावत, हे मराठी नावच सांगते. त्याच कंदात कोल्चिसिन हे विष असते आणि तो पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो, हे ते सांगत नाही. हिलाच काही ठिकाणी बचनागही म्हणतात; खरा बचनाग हिमालयातला, वेगळ्या कुळातला आणि तितकाच जहाल.

परंपरा म्हणजे प्राचीन ग्रंथ, हा समज दगडीपाल्यापाशी मोडतो. एकदांडी, कंबरमोडी ही याचीच नावे. विळा लागला की खरखरीत पाला चुरगळून रस जखमेवर पिळायचा, हा उपाय घरोघरी ठाऊक. पण ही वनस्पती मूळची मध्य अमेरिकेकडची, तेव्हा चरक-सुश्रुतांना ती माहीत असणे शक्यच नाही. लोकांनी ती पाहिली, वापरली, नावे दिली. मग घोळ टाळण्यासाठी लॅटिन नावेच का वापरू नयेत? तीही बदलतात: तरोटा (टाकळा) पूर्वी कॅसिया टोरा होता, आता सेना टोरा आहे. दादेवर (नायट्यावर) त्याचे बी वाटून लावतात हे लॅटिन नावातून कळणार नाही. संस्कृत ‘दद्रुघ्न’मधून कळते. दोन्ही नावे शेजारी हवीत.

रान ओळखणारी माणसे चुकत नाहीत, मग लॅटिन नाव कशाला, हा आक्षेप हातच्या पाल्यापुरता खरा. चूर्णाच्या पुडीत पानही दिसत नाही, खोडही नाही. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, तेव्हा ती दिसायला सारखी दुसरी वेल असावी, अशी शंका आयुष मंत्रालयाने घेतली. २०२२ मध्ये अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात तपासलेल्या नमुन्यांत खरी गुळवेलच निघाली. म्हणजे नाव बरोबर असले तरी निर्धोकपणा त्यातून कळत नाही.