वेठ : एका शब्दाची कुळकथा

मोबदल्यावाचून किंवा नाममात्र मोबदल्यावर सक्तीने करून घेतलेल्या कामाला मराठीत ‘वेठ’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून प्राकृतमार्गे मराठीत आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टीचा विचार राज्याच्या साधनांपैकी एक म्हणून झाला आहे, इ.स. 150 च्या सुमारास कोरलेल्या जुनागढच्या शिलालेखात मात्र सुदर्शन तलावाचे धरण प्रजेवर कर वा विष्टी न लादता पुन्हा बांधल्याचे श्रेय राजा रुद्रदामन घेतो, आणि वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेले गाव सर्व प्रकारच्या विष्टीतून मुक्त केल्याचा उल्लेख येतो. वेठीतून सुटका हे दान ठरत असे, यावरून ती किती सर्वत्र रूढ होती हे कळते. पुढे फारसीतून आलेला ‘बिगार’ हा त्याच अर्थाचा शब्द तिला जोडला गेला आणि ‘वेठबिगार’ हा जोडशब्द तयार झाला. मनाविरुद्ध आणि कसेबसे उरकलेल्या कामाला आजही ‘वेठ वारल्यासारखे काम’ म्हणतात. ज्या श्रमाला दाम नाही त्याला मनही नसते, हा जुना अनुभव या वाक्प्रचारात टिकून आहे.

ठाणे जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या जगण्याचा भाग होता. शहापूर-मुरबाडच्या किन्हवली परिसरापासून डहाणू-उंबरगावपर्यंतच्या पट्ट्यात भातशेती, गवत आणि जंगल ही उत्पन्नाची साधने होती, आणि वारली, ठाकूर, कातकरी यांच्या श्रमांवर ती चालत. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने 1930 च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी भागांची पाहणी केली, तेव्हा वेठीच्या कामाचा मोबदला दिवसाला फार तर एक आणा किंवा एका माणसाला एक वेळ पुरतील इतके तांदूळ एवढाच असल्याचे त्याने नोंदवले. याच प्रदेशात ‘लग्नगडी’ ही प्रथा होती. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा तरुण ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याचा गडी होई आणि त्याची बायकोही त्याच कर्जापोटी राबे. कर्ज एकाच्या नावावर आणि राबणारी माणसे दोन, हे या प्रथेचे मर्म होते.

या शब्दाच्या इतिहासाला वळण मिळाले ते 1945 साली. 7 जानेवारीला टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडून आलेले वारली तेथून परतले, आणि किसान सभेचे नेते शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली 23 मे रोजी झरी येथे मोठी सभा झाली. यापुढे वेठ करायची नाही आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असे तेथे ठरले. त्या वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये हा दर मागून मजुरांनी संप केला. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही संघटना मोडली नाही. 1946 च्या अखेरीस जंगलकामासाठी दिवसाला सव्वा रुपया ही किमान मजुरी लाकूड-व्यापाऱ्यांना मान्य करावी लागली. मजुरांनी एकत्र येऊन मालकांशी दर ठरवणे, म्हणजे ज्याला सामूहिक वाटाघाटी म्हणतात, ते ठाणे जिल्ह्याच्या रानात असे रुजले. वेठीत मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, तर दर हा दोन पक्षांत ठरतो आणि दोघांवर बंधनकारक असतो. म्हणून बारा आण्यांची मागणी पैशांची होती, तशी बरोबरीच्या दर्जाचीही होती.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला बंदी केली आणि अनुच्छेद 39 ने स्त्री-पुरुषांना समान कामाचे समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे सूत्र ठरवले. वेठबिगारी निर्मूलन कायदा आणि समान वेतन कायदा हे दोन्ही 1976 चे. तरीही ठाणे जिल्ह्यात 1980 च्या दशकात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढावे लागले. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा अनुच्छेद 23 ने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय दिला. त्यामुळे भूक आणि गरज यांचा दाबही वेठीच्या व्याख्येत आला.

या व्याख्येने पाहिले असता आजच्या वीटभट्टीचा हिशेब तपासावा लागतो. भातकापणी आटोपली की पाड्यांवरची कुटुंबे ‘बयाणा’, म्हणजे आगाऊ उचल, घेऊन भट्टीवर जातात. नवरा चिखल मळतो, बायको तो वाहून आणते, साच्यातून पाडलेल्या विटा वाळण्यासाठी उलटते आणि रचते. मजुरी हजार विटांमागे ठरते, दर आठवड्याला ‘खर्ची’ मिळते आणि हंगाम संपल्यावर बयाणा व खर्ची वजा करून उरेल ते हाती पडते. विटांची मोजणी जोडीची होते, पण हिशेबात नाव बहुधा पुरुषाचे असते. लग्नगड्याच्या कर्जाचा आकृतिबंध येथे अजून ओळखू येतो, आणि म्हणून समान वेतनाचा प्रश्न येथे स्त्रीची मजुरी किती कमी आहे एवढ्यावर थांबत नाही; तिची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही, हे त्याचे मूळ आहे.

कामगार संपावर गेले की ‘जनतेला वेठीस धरले’ असे मराठीत सर्रास लिहिले जाते. ज्या शब्दाने शतकानुशतके विनामोल राबणाऱ्यांचे दुःख सांगितले, तो मोल मागणाऱ्यांवरच आरोप म्हणून वापरला जातो, ही त्या शब्दाच्या इतिहासाची विस्मृती आहे. झरीच्या सभेत वेठ नाकारली गेली ती दर सांगून. भट्टीच्या हिशेबवहीत चिखल वाहणाऱ्या बाईचे नाव आणि तिच्या पुढे तिचा दर लिहिला जाणे, हे त्याच ठरावाचे राहिलेले काम आहे.