मासा कुठे, तर पाणी जाईल तिथे

भोपाळच्या बड्या तलावात मासा कधी आणि कुठे लागेल, हे गळाच्या कसबापेक्षा पाण्याच्या पातळीने ठरत आले आहे. परंपरा या तलावाचे श्रेय अकराव्या शतकातल्या राजा भोजाला देते. पूर्वेला कमला पार्काजवळचा मातीचा बांध, पश्चिमेकडून येणारी कोलांस नदी. म्हणून बांधाकडे खोली, तर नदीच्या मुखाशी उथळ, गवताळ पाणी. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ती याच हिशेबाने.

१९६५ च्या सुमारास याच तलावावर भदभदा येथे दरवाज्यांचा बांध झाला, पातळी वाढली आणि पश्चिमेची शेते पाण्याखाली गेली. नवी उथळ कुरणे तयार झाली. जुन्या जागांचे महत्त्व बदलले असणार, हे उघड आहे. यावर आक्षेप येईल की आता मत्स्यबीज बाहेरून सोडतात, मग नदीचा काय संबंध? पण सोडलेले पिल्लूही चारा शोधत उथळाकडेच सरकते, उन्हाळ्यात पाणी ओसरले की खोलीकडे परतते. बीज कुठलेही असो, ही ये-जा कोलांसच्या पाण्यावरच चालते. २००२ मध्ये या तलावासह भोज पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा रामसर दर्जा मिळाला, तरी काठ बुजवले तर हेच उथळ पाणी आधी नाहीसे होईल.