एक्कावन्न-एकोणपन्नासची कुळकथा

बिरवाडीला लागून असलेल्या महाडच्या एमआयडीसीतली प्रिवी ही कंपनी वासाचा धंदा करते. परदेशात पाइनच्या लाकडाचा लगदा शिजवून कागद करतात. त्या वेळी गंधक मिसळलेले, नाक मिटायला लावणारे टर्पेंटाइन निघते. ते इथे आणून त्यातला गंधक काढायचा, ऊर्ध्वपातनाने पायनीन वेगळे करायचे आणि त्यापासून साबणाला, डिटर्जंटला, अत्तराला लागणारी सुगंधी रसायने बनवायची. अशा रसायनांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्वित्झर्लंडची जिव्होदाँ. १८९५ साली सुरू झालेली, जिनिव्हाजवळ मुख्यालय असलेली, सुगंध आणि चवीच्या व्यापारातली जगातली अव्वल कंपनी. २०२१ मध्ये या दोघींनी मिळून प्रिगिव्ह नावाची तिसरी कंपनी काढली. कारखाना महाडात, माल जिव्होदाँसाठी, भांडवल ५१ टक्के प्रिवीचे आणि ४९ टक्के जिव्होदाँचे.

रसायन उद्योगात आज परदेशी कंपनीला शंभर टक्के मालकीचा कारखाना काढायला कायद्याची आडकाठी नाही. तरी जिव्होदाँ ४९ वर थांबली. हा आकडा असा रुळला कसा, ते पाहायचे तर फार लांब जावे लागत नाही. सुरुवातीला पाचाडपर्यंत पुरे.

१६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून चौल, आष्टमी, निजामपूर या वाटेने रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला आला. मागे भांडवल लंडनचे. ही कंपनी सुरुवातीला दर सफरीपुरते वेगळे पैसे गोळा करी, आणि जहाज परतले की माल विकून हिशेब मिटवी. कायमचे भागभांडवल १६५७ साली आले. त्यामुळेच परक्या मुलखात वखार घालून वर्षानुवर्षे बसणे तिला परवडू लागले. शिवाजी महाराजांकडे ऑक्झिंडेनने कलमांची यादी दिली. राज्याभिषेकानंतर, जूनमध्ये, तह झाला. राजापूर, दाभोळ, चौल, कल्याणला वखारी, अडीच टक्के जकात आणि राजापूरच्या लुटीबद्दल दहा हजार होनांची भरपाई, एवढे मान्य झाले. पण इंग्रजांचे नाणे स्वराज्यात सक्तीने चालवावे, हे कलम महाराजांनी मान्य केले नाही. नाण्यात जेवढा धातू तेवढी त्याची किंमत, लोक घेतील तर घेतील. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या गलबतांच्या कलमालाही त्यांनी हरकत घेतली.

भागीदारी ही नव्हे, पण घासाघीस तीच. येणाऱ्याकडे पैसा आणि लांबची बाजारपेठ, बसलेल्याकडे जागा, माणसे आणि राजसत्तेची परवानगी. कोकणातल्या शेतकऱ्याला हे शिकवायची गरज नव्हती. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा आणि भात निम्मे निम्मे, अशी अर्धेलीची रीत इथे होतीच. बियाणे कोणी द्यायचे आणि पेंढा कोणी न्यायचा, हा अर्धेलीतला खरा प्रश्न. निम्मे हा नुसता आकडा.

स्वातंत्र्यानंतर यंत्राचे ज्ञान परदेशात आणि परकीय चलन तर नाहीच, अशी स्थिती. १९५५ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने आयसीआयसीआय उभी राहिली ती खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे आणि परकीय चलनातले कर्ज मिळावे म्हणून. ज्ञान मात्र कर्जाने मिळत नव्हते, त्यासाठी भागीदार लागे. टाटांनी १९५४ साली डाइम्लर-बेंझशी ट्रक बनवण्याचा करार केला. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स निघाली. त्यात अमेरिकन कंपनीचे ५० टक्के, किर्लोस्करांचे २५.५ आणि उरलेले भागधारकांचे. शंतनुराव किर्लोस्करांसारख्या माणसालाही डिझेल इंजिनासाठी निम्मा वाटा सोडावा लागला, यावरून कोणाचे पारडे जड होते ते कळते. नव्वदच्या दशकात किर्लोस्कर त्यातून बाहेर पडले आणि कंपनीच्या नावात एकटे कमिन्स उरले. संयुक्त उपक्रमाचा शेवट बहुतेकदा असाच होतो: एकाला दुसऱ्याची गरज उरत नाही. वाईट त्यात काही नाही, फक्त लग्नाच्या दिवशी हे कोणी बोलत नाही.

मध्ये सरकारने पाटी बदलली. १९७३ च्या फेरा या परकीय चलनविषयक कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना वाटा ४० टक्क्यांवर आणायला लावला. १९७७ मध्ये कोका-कोलाने गाशा गुंडाळला. कोलगेटने १९७८ मध्ये शेअर लोकांना विकून वाटा उतरवला. ते ज्यांनी घेतले आणि ट्रंकेत विसरले, त्यांची नातवंडे आजही आजोबांचे नाव काढतात. मग १९९१ चे औद्योगिक धोरण आले आणि ठरावीक उद्योगांत परदेशी भांडवलाला ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरी मिळू लागली. चाळीसवरून एक्कावन्नवर उडी म्हणजे पाहुण्याला थेट घरधनी होण्याची मुभा.

पन्नासवरच्या या एका टक्क्याचे वजन कंपनी कायद्यात आहे. निम्म्याहून अधिक वाटा असला की साधा ठराव आपल्या बळावर मंजूर होतो आणि ती कंपनी आपली उपकंपनी ठरते, तिची उलाढाल आपल्या एकत्रित हिशेबात धरली जाते. पण घटना-नियमावली बदलण्यासारख्या विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात. म्हणजे ज्याच्याकडे पंचवीस टक्क्यांहून जास्त आहे तो असा ठराव अडवू शकतो. ४९ वाला म्हणूनच दुबळा नसतो. त्यातून माल घेणारा तोच असेल, तर एक्कावन्नवाल्याला त्याचे मन सांभाळावेच लागते.

खुद्द प्रिवीने हे आकडे दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. २०१६ मध्ये कॅनडाच्या फेअरफॅक्स इंडियाने कंपनीत जवळपास ५१ टक्के वाटा घेतला. पैसा टोरांटोचा आणि कारखाना महाडचा, हे तेव्हा घडून गेले होते. २०२१ मध्ये फेअरफॅक्सने आपला वाटा मूळ प्रवर्तकांच्या बाजूला विकला. त्याच वर्षी जिव्होदाँबरोबरच्या कंपनीत प्रिवीकडे ५१ राहिले. वित्तसंस्थेला शेवटी दुसरा खरेदीदार हवा असतो, गिऱ्हाइकाला माल हवा असतो. दोघांचे भांडवल सारख्याच रुपयांचे, पण भागीदार म्हणून दोन निराळ्या जाती.

आता ४९ वर थांबण्याकडे येऊ. परवाना आज कोणालाही मिळतो. मिळत नाही ते इतर सगळे: टर्पेंटाइनचा जमवलेला पुरवठा, प्रदूषण मंडळाची संमती, सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातली जोडणी, रात्रपाळीला ऊर्ध्वपातनाच्या स्तंभाचे तापमान सांभाळणारे ऑपरेटर. सावित्रीच्या खाडीत जाणाऱ्या पाण्यावरून इथे वर्षानुवर्षे तक्रारी आहेत. त्यांना तोंड देणारा स्थानिक मालक असणे, हेही परक्या कंपनीच्या हिशेबात बसत असणार, असे मला वाटते. करारात ते लिहीत नाहीत.

उलट दिशेचे उदाहरणही याच वसाहतीत आहे. पुण्याची सुदर्शन केमिकल रोह्यात आणि महाडात रंगद्रव्ये बनवते. जर्मनीचा ह्यूबाख समूह २०२४ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेला. सुदर्शनने ऑक्टोबरमध्ये खरेदी जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्यात फ्रँकफर्टच्या हेक्स्ट भागातला जुना कारखानाही आला. इथे एक्कावन्न-एकोणपन्नास नाही. बुडालेल्या घराशी भागीदारी करायला समोर कोणी उरत नाही, आणि युरोपातली गिऱ्हाइके एकेक करून जोडायची तर पिढी जाते. म्हणून अख्खे घेतले, आणि तिथला तोटाही अख्खा गळ्यात घेतला.