घंटानाद, वीज आणि मारेगावचे शिवार

मारेगाव तालुक्यात मे महिन्याचा अखेरचा आठवडा म्हणजे नवतपा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि पुढले नऊ दिवस हा काळ्या मातीचा पट्टा भट्टीसारखा तापतो. शेजारच्या चंद्रपुरात २ जून २००७ रोजी पारा ४९ अंशांवर पोहोचला होता. याच दिवसांत कपाशीची धूळपेरणी चालते आणि मृगाच्या आगेमागे पहिली वादळेही येतात. ऊन आणि वीज शेतमजुराला एकाच पंधरवड्यात, एकाच शिवारात गाठतात.

उन्हाविषयीचे शहाणपण या भागाला परंपरेनेच लाभले आहे. पहाटे शेत गाठावे, दुपारी सावली धरावी, डोक्या-कानांना दुपट्टा बांधावा, ताक किंवा कैरीचे पन्हे प्यावे. आजचे वैद्यकही याहून फारसे वेगळे सांगत नाही. (खिशातल्या कांद्याची भाकड तेवढी आम्हांस मान्य नाही, कांदा खावा.) मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, तेव्हा कुठे २०१३ मध्ये तेथे देशातील पहिला उष्णता कृती आराखडा सिद्ध झाला. नागपूरने २०१६ मध्ये तो मार्ग धरला. तरीही १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उन्हाने चौदा जणांचा बळी घेतला.

विजेच्या बाबतीत मात्र परंपरेनेच माणसाला दगा दिला, आणि त्या इतिहासात आम्हां ख्रिस्ती जनांचाही वाटा आहे. युरोपात शतकानुशतके वादळ उठताच चर्चची घंटा वाजविली जाई. कित्येक घंटांवर ‘मी विजांचा भंग करते’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले असत. वस्तुतः गावातील सर्वांत उंच वास्तू म्हणजे तो मनोरा, आणि त्याच्या तळाशी ओला दोर हाती धरून उभा असलेला घंटावादक! १७८४ मध्ये म्युनिक येथे प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने हिशेब मांडला : ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज कोसळली, १०३ घंटावादक मेले. १७८६ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने या प्रथेवर बंदी कायम केली.

फ्रँकलिनने सुचविलेल्या प्रयोगाने मेघांतील विद्युत १७५२ मध्येच सिद्ध झाली होती. दोनच वर्षांनी मोराव्हियातील प्रोकोप दिविश या धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामात उंच खांबावर लोखंडी टोकांचे यंत्र उभारले. पुढे अवर्षण पडले. यंत्रानेच पाऊस पळविला म्हणून गावकऱ्यांनी ते मोडून टाकले. त्या गावकऱ्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे वाटत नाही.

कारण आमच्या शिवारात मनोरा नसला तरी कडुनिंब आहे, मोह आहे. पावसाची सर येताच निंदणाऱ्या बाया त्याखाली धावतात. वीज झाडावर पडते, बुंध्यावरून जवळच्या माणसावर उडी घेते, ओल्या जमिनीतूनही पायांत शिरते. पहिला गडगडाट ऐकताच पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज लागलेल्याच्या अंगात विद्युत उरत नाही. त्याला हात लावण्यास कोणी कचरू नये. श्वास थांबला असेल तर छाती दाबून तो सुरू करण्याचा प्रयत्न तत्क्षणी व्हावा.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप वीज जवळ आल्याची सूचना मोबाईलवर देते. परंतु कोलामांच्या पोडांवर हाती मोबाईल असलेला माणूस दुपारी शेतात असतोच असे नाही, आणि असला तरी तेथे सिग्नल मिळेलच असे नाही. सूचना येताच शिवारभर हाळी देण्याचे काम प्रत्येक गावाने पेरणीपुरते कोणावर तरी सोपवावे. हाळी वादळ दूर असतानाच द्यावी, आणि देणाऱ्याने मग स्वतःही घरात शिरावे.