कोणते मुधोळ?

कुत्र्याला आवडत्या शहराचे नाव ठेवण्याची रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. रिओ, मिलान, सिडनी, डॅलस ही नावे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतून ऐकू येतात आणि नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींतूनही ऐकू येऊ लागली आहेत. ज्या शहराचे नाव ठेवले ते मालकाने पाहिलेले असतेच असे नाही. मात्र ते शहर सहसा दूरचे असते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. देगलुरात राहणारा माणूस आपल्या पिल्लाला 'उदगीर' म्हणणार नाही, आणि उदगीरच्या माणसाने 'देगलूर' म्हटलेच तर प्रकरण हमरीतुमरीवर जाईल. 'कुत्रा' ही आपल्या भाषेत अद्याप शिवी आहे. ज्या गावाची माणसे ओळखीची आहेत, त्या गावाचे नाव कुत्र्यावर लादणे म्हणजे त्या माणसांवर काहीतरी फेकणे होय. मिलानचे लोक ऐकायला येत नाहीत, म्हणून मिलान चालते.

अडचण व्याकरणाचीही आहे. मराठी घरातले कुत्र्याचे जुने नाव 'या'कारान्त असते: मोत्या, वाघ्या, खंड्या. मोती, वाघ, खंडोबा यांतला मान थोडा उतरवून आणि जवळीक थोडी चढवून ही नावे घडली. वाघ्या या नावाचे वजन तर एवढे, की रायगडावरचे त्या कुत्र्याचे स्मारक २०१२ साली हटवले गेले, पुन्हा बसवले गेले, आणि वाद आजही शमलेला नाही. हीच 'या'ची प्रक्रिया शहरांच्या नावांवर करून पाहावी. 'नांदेड्या' हाक आहे की टवाळी, हे सांगता येत नाही. 'पुण्या, इकडे ये' असे कुणी म्हटले, तर येईल तो कुत्रा की संचित, असा प्रश्न पडावा. असो.

याचा अर्थ मराठी माणूस गावाचे नाव दुसऱ्यावर घालत नाही असा मुळीच नाही. माणसाला आपण 'कर' लावतो. धुंडा महाराज देगलूरकर किंवा मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर ही नावे उच्चारली की गाव आपोआप सोबत येते. वस्तूला आणि जनावराला 'ई' लागतो: पैठणी, उस्मानाबादी, कंधारी. मराठवाडा तर या बाबतीत विशेष संपन्न आहे. गाय देवणी, गाय-बैल लाल कंधारी, शेळी उस्मानाबादी; आपल्या परिसरातल्या तीन गावांची नावे देशभरच्या पशुवैद्यकीय पुस्तकांत पोहोचली ती जनावरांच्या पाठीवर बसून. 'कर' आणि 'ई' दोन्ही प्रत्यय एकच सांगतात की हा त्या गावचा आहे. पाळीव कुत्र्याला 'मिलान' म्हणताना मात्र प्रत्ययच गळून पडतो. कुत्रा मिलानचा नसतो. तो स्वतःच मिलान होतो.

प्रत्ययाच्या आधाराने चिकटलेले नाव किती चिवट असते हे पाहण्यासारखे आहे. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. शेळी उस्मानाबादीच राहिली. पेकिंगचे बीजिंग झाले, पण तिथल्या राजवाड्यातले चपट्या नाकाचे कुत्रे जगभर 'पेकिनीज'च आहे. या पेकिनीजच्या इतिहासातला एक प्रसंग आपल्या भाषेशी येऊन भिडतो. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा सापडलेल्या कुत्र्यांपैकी एक व्हिक्टोरिया राणीला नजर करण्यात आले. त्याचे नाव ठेवले 'लूटी'. 'लूट' हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानातून. चिनी राजधानीतले कुत्रे, इंग्रज राणी, आणि हाक मात्र आपल्या बोलीतली! नाव ठेवणाऱ्यांना त्यात काही लाजिरवाणे वाटले नाही, हे त्या साम्राज्याविषयी पुष्कळ सांगून जाते. उलट लाज वाटल्याचेही उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन शेफर्ड' हे नाव नकोसे झाले आणि त्या कुत्र्याला अल्सास प्रांताचे नाव देऊन 'अल्सेशियन' करण्यात आले. ब्रिटनच्या केनेल क्लबाने जर्मन शेफर्ड या नावाला पुन्हा परवानगी दिली ती १९७७ मध्ये. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकापाशी भुंकणारा 'अल्सेशियन' रुळला तो या युरोपीय रागाचा अवशेष होय. म्हणणाऱ्याला त्याची खबरही नव्हती.

दूर असलेल्या नगराचे नाव मिरवण्याची आपली स्वतःची परंपरा मात्र राजांची आहे. राष्ट्रकूट सम्राट स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे लत्तलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट होती. लातूर त्याच्या सत्तेचे केंद्र नव्हते. तरी बिरुद लातूरचे. पुढे सौंदत्तीचे रट्ट हे बेळगावकडचे मांडलिक घराणे, त्यांनीही तेच बिरुद चालवले. मूळ गावी राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. गाव सुटलेल्यालाच ते नाव गळ्यात घालावे लागते.

याच राष्ट्रकूटांच्या काळात कुत्र्याचे नाव दगडावर कोरले गेले आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर येथील दहाव्या शतकाच्या मध्यावरचा शिलालेख प्रसिद्ध आहे. तिसऱ्या कृष्णाच्या बाजूने चोळांविरुद्ध तक्कोलमची लढाई झाली, तीत गंग राजा बूतुग याचा सेवक मणलेर याने पराक्रम गाजवला. बक्षीस काय हवे असे विचारले असता त्याने जमीन किंवा सोने मागितले नाही. राजाचे कुत्रे मागितले. त्याचे नाव काळि. हे कुत्रे पुढे रानडुकराशी झुंजताना मेले आणि मणलेराने त्याच्यासाठी दगड उभा केला. ज्यांच्या बिरुदात लातूर होते त्या सम्राटांच्या काळात एका शिकारी कुत्र्याला स्वतःचे, सुटे नाव होते आणि ते शिळेवर उतरले. त्याच्या जातीला मात्र काही नाव असल्याचे लेखात दिसत नाही. आजची स्थिती बरोबर उलटी आहे, आणि इथे मुधोळचा विषय सुरू होतो.

मराठी वाचकाला मुधोळ माहीत असते ते घोरपड्यांमुळे. शहाजीराजांच्या १६४८ मधील अटकेशी बाजी घोरपड्यांचे नाव जोडलेले आहे. पुढे हे घराणे संस्थानिक झाले. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५६ च्या पुनर्रचनेत ते गाव म्हैसूर राज्यात गेले आणि आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. कन्नड वाचकाला मात्र मुधोळ म्हटले की आधी आठवतो तो महाकवी रन्न. त्याचे जन्मगाव हेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातले उंच, सडपातळ, नजरेने शिकार हेरणारे कुत्रे जोपासले. त्यांनी पाचव्या जॉर्ज बादशहाला त्यांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव चालू झाले, असे सांगतात. ज्या घराण्याचे आडनावच घोरपडीवरून आले, त्या घराण्याच्या गावाचे नाव दुसऱ्या प्राण्याला मिळावे, हा योगायोग रंजक खरा.

पण कुत्रे राजाने निर्माण केले नव्हते. ते दख्खनच्या पठारावर आधीपासून होते आणि त्याला आधीपासून नाव होते: कारवान. कारवान म्हणजे प्रवाशांचा, व्यापाऱ्यांचा तांडा. मध्य आशिया आणि इराणकडून आलेल्या तांड्यांबरोबर हे कुत्रे दक्षिणेत उतरले, अशी समजूत आहे. सालुकी या पश्चिम आशियाई शिकारी कुत्र्याशी त्याचे साम्य उघड दिसते. याच्याच लांब, रेशमी केसांच्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात, आणि पश्म हा लोकरीसाठीचा फारसी शब्द आहे. म्हणजे दोन्ही नावे निजामी मुलखातल्या बोलीला सहज पेलणारी. हैदराबादेत तर कारवान नावाचा मोहल्लाच आहे. मराठवाड्यात हे कुत्रे वाड्यावर कमी आणि शिवारात जास्त दिसे: धनगरांच्या कळपामागे, सशाच्या मागावर, खळ्याच्या राखणीला. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव आजही कारवान कुत्र्यांसाठी ओळखले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा या कुत्र्याचे कामच गेले. कायदा योग्यच होता, पण काम गेल्यावर जात टिकवायला कुणाचा तरी अभिमान लागतो. आणि अभिमानाला गावाचे नाव लागते.

म्हणून मग नावाची निवड करावी लागली. देशात कुत्र्यांची नोंद करणाऱ्या दोन संस्थांनी दोन नावे घेतली: केनेल क्लब ऑफ इंडियाने 'कारवान हाउंड' आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबने 'मुधोळ हाउंड'. कुत्रे तेच. पहिल्या नावात ते कुणासोबत चालत आले हे आहे, दुसऱ्यात ते कुणाच्या दारात बांधले गेले हे आहे. सरकारने दुसरे निवडले. जानेवारी २००५ मध्ये डाक खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली. त्यांवर हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर, राजपालयम आणि मुधोळ. चारांतल्या तिघांना गावाचे नाव. पुढे सैन्याच्या मेरठच्या केंद्रात या कुत्र्यांना शिक्षण देण्यात आले तेही मुधोळ म्हणून, आणि ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी घेतलेले नावही मुधोळच.

प्रस्तुत लेखकाला यात मालोजीरावांचा दोष दिसत नाही. त्यांनी आस्था दाखवली नसती तर तिकीट निघालेच नसते. परंतु ज्या नावात फिरस्त्यांची आठवण होती ते नाव मागे पडावे आणि राजधानीचे नाव पुढे यावे, यात आपल्या इतिहासलेखनाची जुनी खोड आहे. तांड्याला ताम्रपट नसतो. आपण साहित्याच्या वर्गात लोकपरंपरेचे गोडवे गातो आणि परीक्षेत मात्र राजाश्रयावर प्रश्न काढतो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या भागात या नावाचा आणखी एक घोळ आहे. देगलूरच्या जुन्या माणसाला मुधोळ म्हटले की घोरपडे आठवत नाहीत की कुत्रेही नाही. त्याला आठवते ते बासरच्या सरस्वतीजवळचे, भैंशाकडचे मुधोळ. ते नांदेड जिल्ह्याच्या तालुक्याचे गाव होते; १९५६ च्या पुनर्रचनेत ते आंध्राकडे गेले, आणि त्याच वेळी देगलूर तालुक्यातली जुक्कल व बिचकुंदा ही मंडळेही गेली. आज ती सारी तेलंगणात आहेत. एकाच वर्षी दोन्ही मुधोळे मराठी मुलखाबाहेर पडली, एक कन्नडकडे आणि एक तेलुगूकडे. त्यामुळे देगलुरातून कुणी मुधोळचे पिल्लू आणायला निघाला, तर कोणते मुधोळ हे आधी विचारावे लागते. ईशान्येचे मुधोळ जवळ आहे, पण या कुत्र्याला नाव दिले ते त्या मुधोळाने नव्हे. नैर्ऋत्येचे साडेतीनशे किलोमीटरांपलीकडे आहे. जानवळ त्या मानाने अगदी दारात, उदगीर ओलांडून पश्चिमेला. तिथे पिल्लू मिळते, ते कारवान म्हणून.